घरातले नळ: पांढरा थर, लाल डाग, हिरवा कळंक. कशाला काय लावायचं?

मृण्मयी_वाकड
नमस्कार मंडळी. नळांच्या सफाईवर वेगळा धागा सापडला नाही, म्हणून नवा काढतेय.

आमच्या सोसायटीत एरवी महापालिकेचं पाणी पुरतं, पण उन्हाळा लागला की टँकर आणि बोअर सुरू होतं आणि सगळे नळ पांढरे पडतात. बेसिनचा नळ बुडाशी जिथे टेकतो तिथे एक कडक कड धरली आहे, नखाने निघत नाही. शॉवरची निम्मी भोकं बुजलीत आणि उरलेल्यांतून पाणी तिरकं भिंतीवर उडतं. सिंकच्या मिक्सरची धार आधी छान एकसंध पडायची, आता तिला फाटे फुटलेत.

बाथरूम धुणाऱ्या ताई नळांवरही टॉयलेट क्लीनर टाकतात. त्याने लगेच लखलखतात हे खरं, पण एका नळावर आता करडे ठिपके दिसायला लागलेत, ते कशानेच जात नाहीत. शिवाय सासूबाईंच्या जुन्या घरातला एक पितळी नळ गच्चीत झाडांसाठी लावला आहे, तो हिरवा पडतोय. व्हॉट्सॲपवर टूथपेस्टपासून राखेपर्यंत सगळे उपाय येऊन गेले. नक्की काय करावं, जाणकारांनी सांगा.

रसायनी
मृण्मयीताई, टॉयलेट क्लीनर नळांवर टाकणं आजच बंद करा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो, म्हणून जरा मुळापासून सांगतो. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. कमोड चिनी मातीचा, त्याला ते बाधत नाही. नळावर मात्र क्रोमियमचा मुलामा असतो आणि हे ॲसिड क्रोमियम विरघळवतं. मुलामा देणाऱ्या कारखान्यांत जुनं क्रोम उतरवायला हेच ॲसिड वापरतात. तुमचे करडे ठिपके बहुधा क्रोम उडालेल्या जागा आहेत. ते डाग नव्हेत, त्यामुळे घासून जाणार नाहीत, उलट घासल्याने पसरतील. आणखी एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात: फरशीवर ॲसिड ओतून दार लावून ठेवलं, तर त्याच्या वाफा नळांवर, टॉवेलच्या दांडीवर, दाराच्या कडीवर बसतात. ॲसिडला हातही न लागलेले नळ खराब होतात ते असे.

आता पांढरा थर. जमिनीत मुरणारं पाणी कार्बन डायॉक्साइड घेऊन उतरतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळवून आणतं. नळावर राहिलेला थेंब वाळला की पाणी उडून जातं, कार्बन डायॉक्साइडही जातो आणि मागे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट उरतं. संगमरवर ज्याचा बनलेला असतो तेच हे. पाणी तापवलं की हीच क्रिया झपाट्याने होते, म्हणून गीझरचं पाणी येणाऱ्या नळांचे हाल जास्त. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमच्याकडे एरवी येणारं पवना नदीचं पाणी मृदू आहे, त्यामुळे बोअर सुरू झालं की फरक लगेच डोळ्यांत भरतो.

कॅल्शियम कार्बोनेटला सौम्य आम्ल पुरतं. किराणा दुकानात मिळणारं पांढरं व्हिनेगर, म्हणजे साधारण ४ टक्के ॲसेटिक ॲसिड, किंवा पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजेच लिंबूसत्त्व. मला सायट्रिक जास्त आवडतं, वास मारत नाही. जुन्या सुती पंच्याची पट्टी त्यात भिजवून नळाच्या बुडाशी गुंडाळा. कान जवळ नेलात तर बारीक फसफस ऐकू येते. पंधरा-वीस मिनिटांनी पट्टी काढा, मऊ फडक्याने पुसा, भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडं करा. थर जाड असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, पण पट्टी रात्रभर ठेवू नका. क्रोमला कुठे बारीक टवका गेलेला असेल तर आम्ल तिथून आत शिरतं.

मृण्मयी_वाकड
इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार सर. एक शंका: सगळीकडे बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करा असं सांगतात. फेस तर भरपूर येतो.

रसायनी
फेस येतो तो कार्बन डायॉक्साइडचा. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात आणि वाटीत राहतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. त्याने क्षारही निघत नाही आणि तेलही नाही. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, पण वेगवेगळ्या वेळी. स्वयंपाकघरातल्या नळावर तेलकट चिकट थर असतो, तो आधी भांड्यांच्या साबणाने नाहीतर सोड्याच्या पातळ लेपाने काढा, धुवा, मग आम्लाची पट्टी लावा. तेलाच्या थरावर आम्ल लावलंत तर ते खालच्या क्षारापर्यंत पोचतच नाही. बाथरूममध्ये हीच अडचण साबणाची असते.

आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: कुठलंही ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही, पाठोपाठही वापरायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. आपल्याकडची बाथरूम लहान आणि खिडकी बंद, तिथे हा वायू फुप्फुसांना फार घातक ठरतो. कामाला येणाऱ्या ताईंना हे समजावून सांगा आणि बाटल्या वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवा.

पान्हा
सरांनी वरून सांगितलं, मी आतून सांगतो. नाशकात माझं हार्डवेअरचं दुकान आहे.

ताई, धारेला फाटे फुटले म्हणजे जाळी भरली. मिक्सरच्या तोंडाशी एक गोल कडी असते, तिच्या आत ही जाळी बसते. हात कोरडा करून पिळून बघा, बहुतेक वेळा हातानेच निघते. नाही निघाली तर वर जाड फडकं गुंडाळून मग पान्हा लावा, नाहीतर पान्ह्याचे दात क्रोममध्ये उमटतात आणि ते कायमचे. काही नव्या नळांत जाळी आत लपलेली असते, तिला नळासोबत आलेली प्लास्टिकची छोटी चावी लागते. ती चावी लोक खोक्याबरोबर टाकून देतात. कृपा करून टाकू नका.

काढण्यापूर्वी सिंकच्या भोकावर फडकं ठेवा. जाळीत तीन-चार चकत्या आणि एक रबरी रिंग असते, त्यांचा क्रम बघून फोटो काढून घ्या. रिंग बाजूला ठेवा, बाकीचं वाटीत सायट्रिकच्या पाण्यात बुडवा आणि जुन्या टूथब्रशने हलकेच घासा. सुई खुपसू नका, जाळीचे डोळे मोठे होतात आणि धार पुन्हा सरळ पडत नाही. जाळी काढलेली असतानाच नळ थोडा वेळ सोडून ठेवा, पाइपातली वाळू निघून जाते. सोसायटीची टाकी धुतली की पहिलं पाणी असंच जाळी काढून सोडावं. टाकी सफाईनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे जाळ्यांची गिऱ्हाइकं वाढतात.

शॉवर उतरवायचा नसेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत सायट्रिकचं पाणी भरून ती शॉवरला रबरबँडने बांधा. तोंडाशी रबराचे टोक असलेले शॉवर असतील तर नुसत्या अंगठ्याने चोळले तरी क्षार मोडून पडतो.

सुगरण_सोलापूर
मध्येच बोलते. ओटा कडाप्प्याचा असेल किंवा मोरीत शहाबादी, कोटा असेल तर व्हिनेगर-लिंबू जपून. आमच्याकडे सिंकच्या नळावरून ओघळलेल्या लिंबाने काळ्या ओट्यावर पांढरट डाग पडले ते पडलेच.

रसायनी
अगदी बरोबर मुद्दा. कडाप्पा, शहाबाद, कोटा हे तिन्ही चुनखडकाच्या जातीचे, आणि संगमरवरही मूळचा चुनखडकच. नळावरच्या थराला जे आम्ल खातं तेच या दगडांनाही खातं. ग्रॅनाइटला व्हिनेगरची भीती नाही. बाकी दगडांवर पट्टी नीट पिळून लावा, खाली कोरडं फडकं अंथरा.

कोकणकन्या
आमच्याकडे पांढरं नाही, लाल! रत्नागिरीजवळ घर आहे, विहिरीचं पाणी. नळाखाली बेसिनमध्ये तपकिरी ओघळ उमटलाय, आणि स्टीलच्या नळावरसुद्धा बारीक गंजाचे ठिपके आहेत. स्टील गंजत नाही म्हणतात ना? ब्लीच टाकून बघितलं तर ओघळ आणखी गडद झाला.

रसायनी
कोकणकन्याताई, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बेसिनमधला ओघळ पाण्यातल्या लोहाचा. जांभ्याच्या पट्ट्यात पाण्यात लोह असणं स्वाभाविक आहे, त्या दगडाचा तांबडा रंगच लोहाचा. विरघळलेलं लोह दिसत नाही, हवा लागली की त्याचा गंज होऊन खाली बसतो. ब्लीच हेच काम अधिक वेगाने करतं, म्हणून ओघळ गडद झाला. लोहाच्या डागाला ब्लीच कधीच लावू नये. सायट्रिक ॲसिड इथेही चालतं, कारण ते लोहाला धरून ठेवतं आणि पाण्याबरोबर वाहून नेतं. फक्त ते कोमट घ्या आणि थोडा वेळ द्या. ऑक्झॅलिक ॲसिड याहून जोरदार आहे, पण ते विषारी. हातमोजे घालून, मुलांपासून दूर आणि नळावर नाही, बेसिनपुरतंच वापरा.

स्टीलचे ठिपके समुद्राचे. चांगल्या, म्हणजे ३०४ जातीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो आणि स्टीलला राखतो. मिठातलं क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी फोडतं. खारा वारा असलेल्या गावात स्टील अधूनमधून गोड्या पाण्याने धुऊन कोरडं पुसणं हाच खरा उपाय आहे. ब्लीचमध्येही क्लोराइड असतंच, म्हणून तेही स्टीलला वाईट. तारेची घासणी वापरत असाल तर तिचे लोखंडी कण स्टीलवर रुतून बसतात आणि तेच गंजतात, नळ बिचारा शाबूत असतो. असा वरवरचा गंज सायट्रिकने निघून जातो. निघाल्यावर खाली खड्डा दिसला तर मात्र स्टीलच खाल्लं गेलंय.

कोकणकन्या
तारेची घासणीच वापरतात आमच्याकडे! आजपासून बंद. खूप धन्यवाद सर.

मडगावकर
पावसाळ्याआधी घर बंद करून जाणाऱ्यांसाठी: क्रोमचे आणि स्टीलचे नळ धुऊन पूर्ण कोरडे करा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा अगदी पुसट हात फिरवा. गोव्यात चार महिने बंद राहिलेल्या घरात याने फार फरक पडतो. मागची तोटी, गॅलरीचा नळ विसरू नका, सगळ्यात जास्त तेच खराब होतात.

थेम्सकाठची_मराठी
धागा वाचून आनंद झाला, कारण लंडनमध्ये हा रोजचा विषय आहे. इथे जमिनीखाली खडूचाच थर, त्यामुळे पाणी चांगलंच कठीण. किटलीत पांढरी पापडी धरते, चहावर तवंग येतो. माझा नळाच्या तोंडासाठीचा उपाय: रस काढून झालेली लिंबाची अर्धी फोड तोंडावर उलटी बसवायची आणि रबरबँडने आवळायची. भांडी घासून होईपर्यंत ठेवायची आणि धुऊन टाकायची. जाळी वेगळी काढावी लागत नाही आणि लिंबूही वाया जात नाही.

श्री_पेठ
सोनेरी आणि काळ्या मॅट नळांचं काय? नव्या घरात तेच बसवलेत.

पान्हा
त्यांना फक्त पाणी, साबण आणि मऊ फडकं. खोक्यावर पीव्हीडी लिहिलं असेल तर वरचा थर कठीण असतो, बराच टिकतो. तसं लिहिलं नसेल तर नुसता रंग किंवा लॅकर असू शकतं आणि ते आम्लाने, घासणीने, टूथपेस्टनेही जातं. काळ्या नळावर क्षार फार उठून दिसतो, म्हणून बोअरचं पाणी असलेल्या गिऱ्हाइकाला मी काळा नळ घेऊ नका असंच सांगतो, विक्री गेली तरी चालेल.

घेतानाचं थोडं सांगतो, कारण निम्मी निगा तिथेच ठरते. नळ हातात घ्या. अंग पितळेचं असेल तर वजन कळतं. स्वस्तातल्या नळांत मूठ आणि कधी अंगही जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. वरून क्रोम तेच, पण आत पाणी शिरलं की मुलाम्याला फोड येतात आणि फोडाखाली पांढरी भुकटी निघते. त्याला सफाईचा इलाज नाही, नळ बदलावा लागतो. साध्या स्पिंडलच्या, म्हणजे फेऱ्या देऊन आवळायच्या, पितळी नळाचं आयएस ७८१ हे मानक आहे, खोक्यावर चिन्ह बघून घ्या.

वाड्यातली
पितळी नळाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या जुन्या वाड्यात मोरीत मोठा पितळी नळ होता, सणाच्या आदल्या दिवशी तो आजी घासायची. चिंच भिजवून तिचा कोळ, त्यात चिमूटभर मीठ, आणि नारळाच्या शेंडीने गोल गोल चोळायचं. तपकिरी पाणी ओघळायचं आणि खालून पिवळंधमक पितळ वर यायचं, ते बघायला आम्ही मुलं मोरीच्या उंबऱ्यावर बसायचो. मग लगेच भरपूर पाणी आणि कोरडं फडकं. पाणी ओतण्यात आजी कधीच हात आखडायची नाही.

मृण्मयीताई, पीतांबरीसारखी पूडही चालेल. पण ती पितळेसाठी आहे, क्रोमच्या नळाला लावू नका, बारीक ओरखडे पडतात.

रसायनी
वाड्यातली, आजींचं पाणी ओतणं शास्त्राला धरून होतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल ऑक्साइड काढतं, मीठ त्याला मदत करतं, पण तेच मीठ राहिलं तर दोन दिवसांत पितळ पुन्हा हिरवं होतं. हिरवा कळंक म्हणजे तांब्याचे क्षार. ते विषारी आहेत, घासल्यावर हात धुवा. गच्चीतल्या नळाला कळंकाने लगेच काही होत नाही, हवं तर दिवाळीला घासा आणि कोरडं करून मेणाचा हलका हात द्या.

एकच गोष्ट बघत जा, मृण्मयीताई. पितळेवर गुलाबी, तांबूस चट्टे दिसायला लागले तर पितळेतलं जस्त निघून जाऊन मागे भुसभुशीत तांबं राहिलंय. असा नळ जोरात पिळला की आट्यांतून तुटतो. तो वेळीच उतरवून शोभेला ठेवलेला बरा.

मृण्मयी_वाकड
काल संध्याकाळी करून बघितलं. बेसिनची कड दोन पट्ट्यांत निघाली, खाली क्रोम शाबूत आहे! मिक्सरच्या जाळीतून क्षाराबरोबर चक्क वाळू निघाली. ताईंनाही सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ॲसिडच्या वासाने त्यांनाच खोकला यायचा, पण कुणी विचारलं नव्हतं. आता बाथरूममध्ये खुंटीला नळांसाठी वेगळं फडकं टांगलंय, शेवटी आंघोळ करणाऱ्याने नळ आणि काच पुसायची.

फक्त शॉवरच्या काचेवर आणि एका नळावर धुकट पांढरेपणा राहिलाच. आम्लानेही जात नाही.

रसायनी
तो बहुधा सिलिकेचा असावा. बोअरच्या पाण्यात सिलिकाही असते, आणि तिला व्हिनेगर-सायट्रिक काही करू शकत नाही. नळावर तसाच राहू द्या, जोर लावून क्रोम घालवू नका. फडक्याने रोज कोरडं पुसत राहिलात तर निदान वाढणार नाही. ताईंना विचारलंत हे फार चांगलं केलंत.

श्री_पेठ
सोसायटीने सॉफ्टनर बसवावा का?

रसायनी
सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. नळ, गीझर, वॉशिंग मशीन यांना उत्तम. पण त्यातलं रेझिन ठरावीक काळाने मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. ते काम अंगावर घेणारा माणूस नसेल तर काही महिन्यांत पाणी पुन्हा होतं तसंच. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरवर, आकडा कमी दिसणार नाही, त्यावरून सॉफ्टनर बिघडलाय असं समजू नका. क्षार बदलतात, एकूण प्रमाण जवळपास तेवढंच राहतं. तपासायची ती कठीणता.

पान्हा
आता सगळे सफाईला लागलाच आहात तर बेसिनच्या खाली वाका आणि अँगल कॉक, म्हणजे नळाला येणारं पाणी बंद करायची छोटी तोटी, बघा. वर्षानुवर्षं कुणी फिरवत नाही, क्षार आत बसतो आणि ज्या दिवशी पाइप फुटतो त्या दिवशी नेमका तो फिरत नाही. मी गिऱ्हाइकांना सांगतो, वीजबिल आलं की घरातले सगळे अँगल कॉक एकदा पूर्ण बंद करून उघडा. अडकला असेल तर जोर लावू नका, मान मोडते. आधी वरच्या टाकीचा कॉक बंद करा, मग थोडा पुढे, थोडा मागे, असा हलवा.

गळक्या नळाचंही तेच. जुन्या स्पिंडलचा नळ गळतो म्हणून लोक आणखी करकचून आवळतात, त्याने वायसर कापला जातो आणि खालची पितळी बैठकही खराब होते. वायसर काही रुपयांचा, घरीही बदलता येतो. अर्ध्या फेरीत उघडणाऱ्या नव्या नळात वायसर नसतो, दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात. तो गळत असेल तर आधी आत वाळूचा कण आहे का बघा, मग कार्ट्रिज, म्हणजे त्या चकत्या बसवलेला आतला भाग, बदला. दुकानात जाताना जुनं कार्ट्रिज बरोबर न्या, कारण दिसायला सारखी असली तरी आटे आणि उंची वेगळी असते.

कोकणकन्या
अँगल कॉक फिरवून बघितला, एक अडकलाय. टाकीचा कॉक बंद करूनच हात लावते. वाचनखूण साठवली.